देवाने आमच्या ठरावावर सही करायची की आम्ही त्याच्या कामाला जायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या लेंट म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू आहे आणि दर बुधवारच्या प्रार्थना बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'प्रभू, आम्ही हाती घेतलेल्या कामाला आशीर्वाद दे'. काम कुठलं तर कंपाउंडची भिंत, नवीन साउंड सिस्टिम, वर्धापनदिनाचा मंडप. यात वाईट काही नाही, आमचा स्पीकर खरखरतो हे खरंच आहे, पण प्लॅन आधीच पक्का करायचा आणि मग तो देवापुढे नुसता मंजुरीला ठेवायचा, हे काही मला पटत नाही बुवा.

योहानाच्या शुभवर्तमानात 5व्या अध्यायात 38 वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू शब्बाथाच्या दिवशी बरं करतो, त्यावरून गदारोळ होतो, तेव्हा तो म्हणतो माझा पिता अजून काम करतोय म्हणून मीही करतोय, आणि पित्याला जे करताना बघतो तेच मी करतो. म्हणजे येशूसुद्धा आधी बघतो. आम्ही डायरेक्ट ठरावच मांडतो.

पंडिता रमाबाईंचं घ्या ना. केडगावची जमीन (दौंडजवळचं केडगाव, आपलं नगरचं नव्हे) त्यांनी घेतली ती फळबागेसाठी, म्हणजे शारदा सदनाला (विधवांसाठी त्यांनी काढलेली निवासी शाळा) चार पैसे उत्पन्न व्हावं म्हणून. मग 1896-97 चा दुष्काळ पडला, आणि स्वतःचे आईवडील दुष्काळात गेलेली ही बाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवायला परवानगी मिळेना, तेव्हा त्या मुली केडगावला नेल्या आणि बागेच्या जागी मुक्ती मिशन उभं राहिलं. रमाबाई काही मुक्ती मिशनचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन निघाल्या नव्हत्या, समोर जे दिसलं त्यात उतरल्या आणि आपला आधीचा हिशेब बाजूला ठेवला. हे बाजूला ठेवणंच आम्हाला जड जातं.

आता म्हणाल रमाबाई मोठ्या, आपलं काय. तर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक मावशी आहेत, कुठल्याच कमिटीत नाहीत, साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव चारचौघांत सांगायला, उभं रहा म्हटलं तर पदर तोंडाला लावतात. सकाळी दवाखान्यात जातात. खेड्यावरून आलेल्या माणसाला केस पेपर कुठे काढायचा, एक्सरे कुठल्या बिल्डिंगमध्ये, रिपोर्ट कधी मिळणार काही कळत नाही, त्याच्याबरोबर मावशी हिंडतात. ऊसतोडीला गेलेल्या पोरांची म्हातारी आई एकटी ॲडमिट असली की तिच्याजवळ बसून भाकरी दुधात कुस्करून भरवतात, वर 'आजी, औषध घेतलं का' म्हणून दरडावतात पण. मी विचारलं हे कसं सुरू झालं, तर म्हणाल्या, 'अगं, मी माझी बीपीची गोळी आणायला गेले होते'. बस एवढंच!

अर्थात मनात आलं ते सगळं देवाचं असं नाही. 'प्रभूने मला सांगितलं' म्हणत प्लॉट घेणारे आणि भावाशी भांडणारे लोक मी पाहिलेत. माझ्यापुरतं मी एवढं बघते, हे बायबलच्या वचनाला धरून आहे का, चार जाणत्या माणसांना विचारलं तर ते काय म्हणतात, आणि सगळ्यात अवघड म्हणजे माझं नाव कुठे आलं नाही तरी मी हे करेन का. तिसऱ्या प्रश्नाला निम्मी कामं गळतात.

आणखी एक, कारण हे पत्र सगळ्या धर्मांचे वाचक वाचणार. आजारी माणसाच्या हातात पाण्याच्या ग्लासबरोबर पत्रक द्यायचं नाही. मावशी कुणाला धर्म विचारत नाहीत आणि कुणी त्यांना विचारलं तर लपवतही नाहीत, प्रार्थना करू का हे आधी विचारतात आणि नको म्हटलं तर गप्प भाकरी कुस्करतात.

मी बैठकीत सुचवलं की उरलेल्या बुधवारी निम्मा वेळ गाणी-प्रार्थना आणि निम्मा वेळ सगळ्यांनी मावशींबरोबर दवाखान्यात. पाळकसाहेब लगेच हो म्हणाले, कमिटीतल्या एकांनी विचारलं की तिथे आपला बॅनर लावायचा का. मावशी म्हणाल्या, बॅनर नको, येताना दोन थर्मास आणा, रात्री तिथे गरम पाणी मिळत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, अहिल्यानगर