‘स्पंदनशील’ नव्हे, ठणकणारी डोकेदुखी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत अर्धशिशीवर आलेला लेख उपयुक्त होता. मात्र त्यात ‘स्पंदनशील डोकेदुखी’ हा शब्द वारंवार आलेला पाहून, तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केलेली मी थोडी अडखळले. कारण इतक्या वर्षांत एकाही रुग्णाने डोके ‘स्पंदनशील’ झाल्याची तक्रार माझ्याकडे केली नाही. ‘ठणकतंय’, ‘शीर ताडताड उडतेय’, ‘आत घण पडताहेत’ असेच सारे सांगत.

लेखकाला ‘पल्सेटिंग’ हे विशेषण मराठीत आणायचे होते, हे उघड आहे. अर्धशिशीच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत वेदनेचा हा गुण नोंदवलेला असल्याने तो वगळून चालणारही नाही. पण ‘शील’ हा शब्द स्वभाव किंवा सवय दाखवतो. सहनशील, विचारशील हे शब्द पाहावेत. काही तासांनी किंवा दिवसांनी ओसरणाऱ्या दुखण्याला ‘शील’ कोठून असणार? ‘स्पन्द्’ या धातूपासून ‘वर्धमान’, ‘विद्यमान’ यांच्या वळणाने होणारे ‘स्पंदमान’ हे रूप, या क्षणी चालू असलेली क्रिया सांगते. पोटातील महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगून झालेली गाठ तपासणाऱ्याच्या हाताला नाडीच्या ठेक्यात उचलली जाताना लागते, तेथे हे विशेषण चपखल बसेल.

अर्धशिशीचे तसे नाही. रुग्णाला जाणवणारे ठोके आणि त्याच वेळी मोजलेली नाडी यांची तुलना संशोधकांनी केली, तेव्हा दोन्हींचा मेळ बसला नाही. म्हणजे बाहेरून हाताला किंवा यंत्राला कळते ते स्पंदन आणि दुखणाऱ्याला आतून जाणवतो तो ठणका, या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत त्यांना निराळे शब्द आधीपासूनच आहेत. दाढ ठणकते, नखुरडे ठणकते, पू धरलेले गळू ठसठसते. कळ, चमक आणि सणक यांना असा ठेका नसतो, त्यामुळे त्या शब्दांची येथे सरमिसळ करू नये. ‘कंपायमान’ही टाळावे, कंप म्हणजे थरथर, ठोका नव्हे.

(खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीतून अभ्यासल्या जाणाऱ्या ‘पल्सार’ ताऱ्यांना आपण स्पंदक म्हणतो, पण ते फुगत-आकसत नाहीत; स्वतःभोवती फिरताना त्यांचा झोत दीपगृहासारखा आपल्यावरून जातो. तेथे मूळ नावच फसवे, त्यामुळे भाषांतरकाराला दोष देता येत नाही.)

तेव्हा अर्धशिशीसाठी ‘ठणकणारी डोकेदुखी’ असे लिहावे, ही विनंती. खरा पेच नाडीच्या ठेक्यात कानात घुमणाऱ्या आवाजाचा आहे, कारण तो जाणवतो आतून, पण नाडीशी जुळतोही. त्याला ‘स्पंदमान कर्णनाद’ म्हणावे की आणखी काही, याचा निर्णय जाणकारांनी करावा. माझे रुग्ण ‘कानात धडधडतंय’ म्हणत आणि मी नोंदवहीत तेच लिहीत असे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा