लेखकाचं नाव येतं, चित्रकाराचं का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर आपल्या पेपरात दिवाळी अंकांची ओळख करून देणारं सदर येतं ते मी शाळेत असल्यापासून वाचते. बाबा त्यातली कात्रणं काढून ठेवायचे आणि मग लायब्ररीत कुठले अंक आधी मागायचे ते घरात ठरायचं. यंदा त्या सदरात अशा एका अंकाची ओळख आली ज्यात माझी सात चित्रं आहेत. सकाळी आईने पेपर हातात दिला, म्हणाली बघ तुझा अंक आलाय. संपादकांचं नाव, पानं किती, किंमत किती, कथा कुणाच्या, कविता कुणाच्या, राशिभविष्य कुणाचं, सगळं होतं. शेवटी ‘सजावट आकर्षक’ असे दोन शब्दही होते, पण ती सजावट केली कुणी ते नव्हतं. भविष्य लिहिणाऱ्याचं नाव येतं आणि चित्रं काढणाऱ्यांपैकी एकाचंही येत नाही हे वाचून खूप लागलं मनाला, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझं नाव-पत्ता सोबत दिलाय पण कृपया छापू नका. त्या अंकाचे पैसे अजून यायचेत आणि पुढच्या वर्षीचं कामही त्यांच्याकडूनच मिळायचंय. नाव छापा अशी मागणी करणाऱ्या पत्रातच माझं नाव झाकायला सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं, पण सध्या परिस्थिती तशी आहे.

मी कोल्हापूरची, अप्लाइड आर्ट करून तीन वर्षं झाली, तेव्हापासून फ्रीलान्स चित्रं काढते. लोकांना वाटतं घरी बसून मजेत चित्रं काढते, पण वर्षाचं गणित असं असतं की जून ते सप्टेंबर दिवाळी अंकांच्या कथा येतात, त्या आधी उन्हाळ्यात गावोगावच्या शाळांच्या बोलक्या भिंती रंगवायच्या, त्याचे पैसे स्क्वेअर फुटावर मिळतात आणि रंग आपलेच, मधे लग्नसराईत पत्रिकेवरची नवरा-नवरीची कॅरिकेचर, कुणाच्या चहाच्या दुकानाचा लोगो, कुणाच्या यूट्यूब चॅनलचे थंबनेल. एक चोवीस पानी मुलांचं पुस्तक मिळालं होतं मागच्या वर्षी, त्यावर चार महिने बसले, ते माझं सगळ्यात आवडतं काम. बाकी कामं घर चालावं म्हणून करते, खरा जीव कथाचित्रात आहे. एक कथा येते, ती तीन-चार वेळा वाचायची, त्यातला कुठला क्षण काढायचा ते ठरवायचं, आणि लेखकाने जे लिहिलंय तेच परत न काढता त्याच्या शेजारचं काहीतरी काढायचं, हे फार अवघड आणि फार सुंदर काम आहे.

यंदाचं एकच चित्र सांगते. कथेत एक म्हातारी आहे, मुंबईहून मुलगा येणार म्हणून पहाटे उठून तांदूळ पाखडत बसलीय आणि तो काही येत नाही. मला तिचा चेहरा काढायचाच नव्हता, फक्त हात आणि सूप काढायचं होतं. नेटवरचे फोटो बघून दोन रफ केली आणि आजीला दाखवली, तर आजी लगेच म्हणाली, “असं धरत्यात व्हय गं सूप? अंगठा वर, चार बोटं खाली, आन् मनगट सैल सोडायचं, न्हाईतर समदं तांदूळ भुईवर.” मग तिलाच उंबऱ्यात बसवलं, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ दिला सुपात, आणि ती पाखडत होती तोपर्यंत काढत बसले. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख विळीने कधीतरी चिरलंय ते तसंच वाढलंय, मधोमध एक रेघ असलेलं. ते नख मी काढलं. सुपाच्या पट्ट्यांची वीण नीबने काढायला दोन रात्री गेल्या, काळी वॉटरप्रूफ शाई, एक रेघ जाड झाली की सगळं परत. ६०० डीपीआयला स्कॅन करून पाठवलं. खाली उजव्या कोपऱ्यात सांडलेल्या चार दाण्यांशेजारी माझी सही होती.

अंक हातात आला तेव्हा आधी ते पान काढलं. चित्र पानात बसत नव्हतं म्हणून कुणीतरी मोठं करून बसवलं होतं आणि उजवी बाजू कापली होती. उजव्या हाताची बोटं गेली, दाणे गेले, सही गेली. आजीने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, “माझी बोटं कुठं गेली गं?” मला उत्तर देता आलं नाही.

एक फोन केला असता तर मी दहा मिनिटांत त्या मापाला चित्र करून दिलं असतं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. मला छपाईतलं काही कळत नाही असंही नाही. पहिल्या वर्षी मी स्क्रीनवर झगझगीत हिरवा-निळा वापरला होता आणि छापून आला तो मेलेला रंग, तेव्हा उद्यमनगरातल्या एका प्रिंटरकाकांनी मला मशीनपाशी उभं करून भिंगातून छापलेला कागद दाखवला. निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे नुसते ठिपके, फुलासारखे एकमेकांभोवती. स्क्रीनवर उजेडाचे रंग असतात आणि कागदावर शाईचे, म्हणून सीएमवायकेमध्येच, म्हणजे शाईच्या या चार रंगांतच काम कर, कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कागद कापताना जाणारी जास्तीची जागा सोड आणि महत्त्वाचं काही कडेला ठेवू नकोस, असं त्यांनी समजावलं. कॉलेजात हे सगळं शिकवलं होतं पण डोक्यात शिरलं ते त्या भिंगातून बघितल्यावर. तेव्हापासून मी ब्लीड सोडते, सही पण आत घेते, तरी कापली गेली.

त्या अंकात चित्रकारांची नावंच नाहीत असं नाही, अनुक्रमणिकेच्या तळाला ‘चित्रे’ लिहून आम्हा पाच जणांची आडनावं एका ओळीत आहेत. म्हणजे आपल्या सदरात लिहिणाऱ्यांना ती दिसली असती. पण कुठलं चित्र कुणाचं हे त्या ओळीवरून कुणालाच कळणार नाही, आणि नवीन माणसासाठी तेच सगळं असतं. चित्र बघून कुणीतरी नाव शोधतं, फोन करतं, पुढचं काम येतं, आम्हाला दुसरी जाहिरात परवडत नाही.

मराठीत असं आधीपासून नव्हतं हो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून चित्रं आणि मजकूर हातात हात घालून आलेत. दीनानाथ दलाल स्वतः चित्रकार, त्यांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढला. दलालांचं मुखपृष्ठ, चित्रकार रघुवीर मुळगावकरांचं मुखपृष्ठ म्हणून लोक अंक विकत घ्यायचे, हे आमच्या घरात मी स्वतः ऐकलंय, आजोबांनी मुळगावकरांची देवांची चित्रं फ्रेम करून लावली होती ती अजून आहेत. व्यंगचित्रकार वसंत सरवटे तर आमच्या कोल्हापूरचे, त्यांची रेघ बघितली की नाव वाचायची गरज नसायची. बाबा मला सारखे सांगतात की सरवट्यांनी इंजिनियरची नोकरी सांभाळून चित्रं काढली, तू पण एखादी नोकरी धर. बाबांचं चुकत नाही, त्यांना माझी काळजी आहे. पण ही माणसं आपल्याला नावाने माहीत आहेत कारण त्यांचं नाव छापलं गेलं, मग आत्ता पंचवीस-तीस वर्षांची जी मुलं-मुली काढतायत त्यांची नावं चाळीस वर्षांनी कुणाला आणि कुठून कळणार?

एका मैत्रिणीने लॉ केलंय, तिच्याकडून कळलं की हे नुसतं मोठ्या मनाचं काम नाहीये, कायद्यातच आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम ५७ असं सांगतं की चित्राचे हक्क तुम्ही विकले तरी ते चित्र तुमचं आहे हे सांगायचा हक्क तुमच्याकडेच राहतो, आणि चित्राची मोडतोड करून तुमच्या नावलौकिकाला धक्का बसत असेल तर दाद मागता येते. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सही करून द्यावे लागतात आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरतात. आमच्याकडे लेखी म्हणजे व्हॉट्सअॅपवर ‘ओके मॅडम’. माझं एक गणपतीचं चित्र मी एका कामासाठी दिलं होतं, ते दुसऱ्या वर्षी न विचारता कॅलेंडरवर आलं, मला ते एका नातेवाइकाच्या स्वयंपाकघरात दिसलं.

पैशांचंही तसंच. एका कथाचित्राचे मला यंदा ८०० रुपये ठरलेत, आठशेबद्दल मी काही बोलणार नाही, छोटे अंक कसे निघतात ते मला दिसतं, कागद महाग, जाहिरातीची बिलं महिनोन्‌महिने अडकतात, संपादक स्वतःच्या खिशातून घालतात. पण पैसे कधी देणार तेवढं तरी सांगावं ना. मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केलीय, फुकट होते आणि आधारवर ऑनलाइन होते, माझ्यासारख्या सगळ्यांनी करावी. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे त्यांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम नंबर टाकायला लागल्यापासून दोन ठिकाणचे पैसे वेळेत आले. तक्रार करायचा मार्गही आहे पण सात चित्रांच्या पैशांसाठी तक्रार करून पुढची सगळी कामं घालवायची हिंमत माझ्यात नाही, कुणाचीच होत नाही.

आणि आता एआयची चित्रं. यंदा एका अंकात कथेवर तसं चित्र पाहिलं, नऊवारी नेसलेली बाई आणि तिला काष्टाच नाही, पदर कुठून निघालाय ते कळत नाही. ज्यांना ते वापरायचंय ते वापरतील, मी अडवू शकत नाही, पण निदान खाली तसं लिहा, म्हणजे वाचकाला कळेल की हे माणसाने काढलेलं नाही. माझ्या आजीच्या अंगठ्याचं नख कुठल्या मशीनला माहीत नव्हतं, ते मी उंबऱ्यात बसून बघितलं होतं.

आपल्याला विनंती एवढीच की अंकांच्या त्या सदरात मुखपृष्ठ कुणाचं आणि आतली चित्रं कुणाची याची एक ओळ कायमची ठेवा. जागेचा प्रश्न असेल तर किंमत आणि पानं यांच्या शेजारीच बसेल ती. आपल्या रविवार पुरवणीतही कथेच्या चित्राखाली कधी नाव असतं, कधी नसतं, ते प्रत्येक वेळी यावं. तुमच्यासारख्या मोठ्या पेपरने सुरू केलं की अंकवाले आपोआप नावं नीट द्यायला लागतील, कारण नाव नसेल तर तुमच्याकडून विचारणा होईल हे त्यांना कळेल. जूनमध्ये नव्या कथा यायला लागतात, मुखपृष्ठाची कामं त्याच्याही आधी ठरतात, त्यामुळे हे पत्र शक्यतो मेच्या आत छापता आलं तर फार बरं होईल.

आपली,
एक चित्रकार, कोल्हापूर