‘बाई, पोटात दुखतंय’: न्यू जर्सीहून वहिनींना पत्र

न्यू जर्सी, अमेरिका

तीर्थरूप सौ. वहिनींना सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. मुख्याध्यापकांनी प्रथमोपचार पेटी आणि आजारी मुलांच्या खोलीची जबाबदारी तुमच्याकडे सोपवली आहे, आणि तेव्हापासून दुसऱ्या तासाची घंटा झाली की पोट धरलेली मुले दारात उभी राहतात, त्यांतले खरे कोण आणि घरी जाण्यासाठी सोंग करणारे कोण हे कसे ओळखायचे, असे तुम्ही विचारले आहे. इथल्या शाळेत परिचारिका म्हणून माझा बराचसा वेळ याच कामात जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

खरे आणि खोटे यांची निवड करण्यापासून मी सुरुवातच करत नाही. या मुलाच्या शरीरात आत्ताच्या आत्ता डॉक्टरांनी पाहायला हवे असे काही आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. आणि तसे काही नसेल, तर याच वेळी याला वर्गात बसावेसे का वाटत नाही, हा दुसरा. पोट दुखत नसेलही, पण वर्गातून बाहेर पडावेसे वाटते एवढे तर प्रत्येकाच्या बाबतीत खरे असते, आणि माझ्या दृष्टीने त्याचे कारण शोधणे हा कामाचाच भाग आहे.

पहिल्या प्रश्नासाठी मी काय करते ते सांगते. मुलाला खुर्चीवर बसवून मी त्याच्यासमोर खाली बसते आणि ‘एका बोटाने दाखव’ म्हणते. बहुतेक मुले बोट न लावता सगळा तळवा बेंबीभोवती फिरवतात. मग मी स्टेथोस्कोप पोटावर ठेवते आणि आवाज ऐकता ऐकता तो हलकेच दाबते, त्याच वेळी घरच्या कुत्र्याविषयी किंवा धाकट्या भावाविषयी विचारते. हात लावताच विव्हळणारे मूल त्या दाबाखाली कुत्र्याची हकिगत रंगवून सांगू लागले, तर पोट मऊ आहे असा मला धीर येतो. ज्याला खरी कळ असते ते मूल गप्प होते आणि माझ्या हातावरची नजर हलवत नाही. शेवटी मी त्याला एका पायावर उड्या मारायला सांगते, कारण आंत्रपुच्छाला (अपेंडिक्सला) सूज आलेले मूल सहसा उडी मारायला तयार होत नाही. तुम्ही पोट दाबू नका, वहिनी, ते शिकलेल्या हाताचे काम आहे. पण बोटाने जागा दाखवायला सांगणे आणि चार पावले लंगडी घालायला लावणे हे तुम्हालाही सहज जमेल.

जॉन अ‍ॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी 1950 च्या दशकात शाळकरी मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीचा अभ्यास केला, तेव्हा साधारण दहातील एका मुलाला असा त्रास असल्याचे आणि त्यांपैकी फारच थोड्यांच्या पोटात दाखवता येण्याजोगा आजार असल्याचे त्यांना आढळले. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी शारीरिक कारण असण्याची शक्यता अधिक, हा त्यांचा आडाखा आजही शिकवला जातो. मात्र आजार सापडला नाही म्हणजे मूल खोटे बोलते असे अजिबात नाही. आतड्यांचे आणि मेंदूचे मज्जातंतूंचे नाते इतके जवळचे आहे की भीतीने पोटात खरोखर कळ येते, मळमळते, शौचाला लागते. गणिताच्या चाचणीआधी दुखणारे पोट चाचणी संपल्यावर थांबले, तरी मधला तासभर ते दुखलेलेच असते.

उघड सोंगेही येतात. थर्मामीटर दिव्याला टेकवणे, कोमट पाणी पिऊन येणे, लाल पेनाने हातावर पुरळ काढणे हे प्रकार इथेही आहेत. तोंडात गरम काही गेले असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा ताप पाहावा आणि पुरळ ओल्या कापसाने पुसून पाहावी, एवढ्याने ते प्रकरण मिटते. त्यावरून मुलाला चारचौघांत कधीही बोलू नये. शिक्षकांच्या खोलीत एखाद्याच्या नावाला एकदा ‘नाटकी’ ही चिठ्ठी चिकटली की तो खरोखर आजारी पडेल त्या दिवशी त्याच्याकडे कोणी वळून पाहणार नाही, आणि मला त्या दिवसाचे भय वाटते.

त्यासाठी काही लक्षणे पक्की ध्यानात ठेवा. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे दुखणे, हिरवी उलटी, शौचातून रक्त, 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ, उतरत चाललेले वजन, यांपैकी काहीही असेल तर पालकांना बोलावून मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. सतत तहान, वरचेवर लघवी आणि त्यात उलट्या असतील, तर तो लहान वयातला मधुमेह असू शकतो आणि तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहता येत नाही. मुलगे लाजेपोटी अंडकोषाचे दुखणेही पोटाचे म्हणून सांगतात. तिथे पीळ पडला असेल तर साधारण 6 तासांच्या आत उपचार व्हावे लागतात, म्हणून मोठ्या मुलांना एखाद्या सरांनी बाजूला घेऊन विचारावे. पेटीतली वेदनाशामक गोळी आपल्या मनाने देऊ नये, आणि अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही.

यांपैकी काही नसेल, तर मूल घरी जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. शाळेत परिचारिका नेमली गेली ती मुळात मुले शाळेत टिकावीत म्हणूनच. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी डॉक्टर येऊन खरूज, गजकर्ण, उवा, डोळ्यांचे संसर्ग असलेली मुले घरी पाठवत, आणि उपचार कोणी करत नसल्याने ती आठवडेच्या आठवडे परतत नसत. 1902 मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून काही शाळांत नेमले. तिने शाळेतच औषध लावले आणि घरोघरी जाऊन आयांना समजावले. त्या वर्षी सप्टेंबरात शहरातल्या शाळांनी 10,567 मुले घरी पाठवली होती, पुढच्या सप्टेंबरात 1,101. आज इथे शाळेचे वर्ष 180 दिवसांचे असते आणि त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 18 दिवस, कोणत्याही कारणाने बुडाले तर त्या मुलाची वेगळी नोंद घेतली जाते. भीतीमुळे घरी गेलेल्या मुलाला लगेच हायसे वाटते, आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशी शाळेत येणे त्याला अधिक जड जाते. म्हणून मी दहा-पंधरा मिनिटे पडू देते, पाणी देते, पुन्हा तपासते आणि ‘आता वर्गात जा, जेवणाच्या सुट्टीत येऊन मला सांग’ असे म्हणून पाठवते. सुट्टीत यायला मिळणार या भरवशावर बरीच मुले तग धरतात.

तुमच्या शाळेत याला आणखी एक बाजू आहे. कितीतरी मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर जातात. एका फोनवर त्यांची दिवसाची मजुरी बुडते, किंवा मूल कुलूप लावलेल्या घराच्या पायरीवर बसून राहते. याच कारणाने उलटेही घडते. रजा मिळत नाही म्हणून सकाळी पॅरासिटामॉल पाजून तापलेले मूल शाळेत पाठवले जाते, आणि औषधाचा अंमल चार-सहा तासांत उतरला की दुपारी ते निखाऱ्यासारखे होते. ‘सकाळी काही औषध घेतलेस का?’ हे अवश्य विचारत जा, आणि पालकांना रागावू नका.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका भेटीत मिळत नाही. त्यासाठी एक वही घाला: तारीख, वार, वेळ, कोणता तास, काय दुखले, सकाळी काय खाल्ले. महिनाभराने ती वही स्वतःच बोलू लागते. माझ्याकडे एक मुलगा दर मंगळवारी डोके धरून यायचा. नोंदींवरून कळले की त्या दिवशी वर्गात उभे राहून मोठ्याने वाचायचे असते, आणि त्याला अक्षरे वाचताना खरोखर अडचण होती. कोणी उपाशी आलेले असते, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, कोणाची आई घरी आजारी असते आणि ती ठीक आहे ना एवढे फक्त त्याला बघायचे असते. उपाशी मुलासाठी खोलीत बिस्किटे किंवा चुरमुरे ठेवा. डोळ्यांचा किंवा कानांचा संशय असेल त्यांची यादी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येईल तेव्हा, त्यांच्या हाती द्या. 2013 पासून तो कार्यक्रम सुरू आहे आणि शाळेने आधी यादी केलेली असली की त्या एका दिवसाचा पुरेपूर उपयोग होतो.

सहावीतल्या ज्या मुलीविषयी तुम्ही वैतागून लिहिले आहे, तिच्याबद्दल मला वेगळेच वाटते. दुपारनंतर, आणि उन्हाचे दिवस आले की अधिक, ती डोके आणि पोट दोन्ही दुखते म्हणते. ती डब्यानंतर पाणी पिते का, हे आधी पाहा. स्वच्छतागृहाला कडी नसेल किंवा पाणी नसेल, तर मुली दिवसभर पाणी टाळतात आणि लघवी रोखून धरतात; त्याने डोके दुखते, ओटीपोट दुखते, लघवीत जंतुसंसर्गही होतो. शिवाय तिचे वय पाळी सुरू होण्याचे आहे. दार लावून, एकटीला, हळू आवाजात विचारा, आणि खोलीत सॅनिटरी पॅड ठेवल्याचे तिला दाखवून ठेवा. कडीचे काम तुम्ही मुख्याध्यापकांकडून याच आठवड्यात करून घ्या. गरज पडली तर दादांना सांगा, सुताराचे पैसे मी पाठवीन.

वहीची पहिली पाने भरली की मुलांची नावे झाकून त्यांचे फोटो मला पाठवा, आपण फोनवर मिळून वाचू. आईंना आणि दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली नणंद