चढती लय आणि सट्ट्याचा दर

महोदय,

शिमग्यानंतर आयपीएलचा हंगाम सुरू झाला की मालवण-वेंगुर्ल्याच्या नाक्यांवर मोबाइलवर लागणाऱ्या सट्ट्याची कुजबुज वाढते. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. माझा मुद्दा मात्र वेगळा आहे.

सामना ‘आपल्या बाजूला झुकला’ असे वाटताच पैसे लावणारा तरुण हे विसरतो, की तो झुकाव प्रत्येक चेंडूनंतर बदलणाऱ्या सट्ट्याच्या दरात (लावलेल्या पैशांवर जिंकल्यास किती मिळणार, त्या भावात) आधीच मोजलेला असतो आणि त्या दरात बुकीचा नफाही धरलेला असतो. शिवाय मोबाइलवरचे चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते. म्हणजे त्याला एखाद्या संघाची चढती लय (सरशी होत असल्याची चिन्हे) दिसते, तेव्हा दर कधीच हललेला असतो.

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनला झालेल्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या अक्षर पटेलच्या एका षटकात २४ धावा निघाल्यावर दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि सहा गडी शिल्लक होते. तरीही भारत ७ धावांनी जिंकला. लय खरी मानली तरी ती पुढच्या षटकापर्यंत टिकेलच, याची हमी कोण देणार? खेळाडूचा आत्मविश्वास वाढतो हे मला मान्य आहे (आमच्या गावच्या अंडरआर्म स्पर्धांतही ते दिसते), पण प्रेक्षकाच्या मनातली खात्री त्याहून कितीतरी वेगाने वाढते आणि सट्टेबाजाचा धंदा तिच्यावरच चालतो.

सट्टेबाजांवरील छाप्यांच्या बातम्यांबरोबर आपण दराचे हे गणितही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, वेंगुर्ले