पालकमंत्री साहेब, महोत्सव राहू द्या, आम्हाला संध्याकाळ द्या

प्रति,
मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

विषय: सोलापूर शहरातल्या बागा, तळी आणि मोकळ्या जागांच्या वेळा ऋतूप्रमाणे ठरवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पुण्याहून भाची आली, दोन मुलांना घेऊन. सोलापूरकराला पाहुण्यांचा एक प्रश्न तोंडपाठ असतो, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?" आणि पाहुण्यांना आमचं उत्तर तोंडपाठ असतं, "जाताना चादर घेऊन जा." या वेळी मी ठरवलं होतं की मुलांना शहर दाखवायचं. दिवसभर कूलरपुढे काढला आणि ऊन उतरल्यावर, साडेसहाच्या सुमाराला, आम्ही एका बागेत पोचलो. पहारेकरी शिट्टी वाजवत लोकांना बाहेर काढायच्या तयारीत होता. "सातला बंद होतंय ताई, लवकर आटपा." मुलं घसरगुंडीकडे पळाली, बसली आणि किंचाळत उठली. पत्रा अजून चटका देत होता.

बागेचं नाव लिहीत नाही. बिचाऱ्या पहारेकऱ्याचा त्यात काय दोष? पाटीवरच लिहिलेलं होतं: सकाळी १० ते सायंकाळी ७. मे महिन्यात सोलापुरात सकाळी दहाला बाग उघडायची म्हणजे वरातीमागून घोडं. दहाला आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा नाल्याच्या ओलीला जाऊन पडलेली असतात.

मी बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, म्हणून आधी हिशेबाचंच बोलते. दहा ते सात म्हणजे नऊ तास. तीच बाग उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा उघडी ठेवली, तर चार अधिक पाच, नऊच तास होतात. अधिकचा खर्च दिव्यांचा, आणि पहारेकऱ्याच्या पाळीचा. एकाच माणसाला दिवसातून दोनदा बोलावणं बरं नाही, हे मला कळतं. पण पाळ्या लावायचं सोलापूरला काय नवल? हे गाव गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं आणि झोपायचं.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण असता, म्हणून हे पत्र आपल्याला. पर्यटन वाढवायचा विषय निघाला की आमच्याकडे लगेच मंडप, मोठं स्टेज, मुंबईचा कुणी कलाकार आणि कमानीवर सगळ्यांचे फोटो, असा बेत डोळ्यांपुढे येतो. माझी विनंती उलटी आहे. या शहराला नवा महोत्सव नको. वर्षभराची करमणूक आमच्या बापजाद्यांनी, आणि शेजारच्या तेलुगू-कन्नड घरांनी, आधीच आखून ठेवली आहे. फक्त शहराचं घड्याळ तिच्याशी जुळत नाही.

जानेवारीपासून सांगते, कारण आमचं वर्ष तिथूनच सुरू होतं. १२ जानेवारीला लोक चार हुतात्मा पुतळ्यांना हार घालायला जातात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्यात चौघांना फाशी दिलं. या दिवसाला करमणूक म्हणता येणार नाही, पण लहानपणी वडिलांचा हात धरून तिथे गेलेला सोलापूरकर ते विसरत नाही. आणि लगेच भोगीला सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज निघतात. उंचच उंच सात काठ्या, कमरेच्या पट्ट्यात तोललेल्या, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आणि "हर्र बोला हर्र" चा गजर. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बूंच्या वाड्यापासून ६८ लिंगांना तैलाभिषेक करत ते अख्ख्या शहराला वळसा घालतात. संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह. तिथे संमती वाचली जाते, हजारो हात वर जातात आणि तांदूळ पडतात. दुसऱ्या दिवशी होम, मग शोभेचं दारूकाम.

आणि होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा! पाळणे, मौत का कुआँ, मिरची भजी, चिनीमातीच्या बरण्या. आमच्याकडे जानेवारीत कुणी भेटलं की "कसा आहेस?" नंतरचा प्रश्न "गड्ड्याला जाऊन आलास का बे?" हाच. गड्ड्याची खरी मजा दिवे लागल्यावर असते. दुपारी थांबलेला पाळणा म्हणजे नुसतं लोखंड.

इथे एक बाई आठवतात. माझ्याच कारखान्यात शिलाईला होत्या. शहराबाहेर कुंभारीला रे नगर ही कामगारांची वसाहत उभी राहिली, २०२४ च्या जानेवारीत तिथल्या १५,००० घरांच्या किल्ल्या विडी कामगारांना, यंत्रमाग कामगारांना मिळाल्या, त्यात त्यांचंही एक घर. घर पक्कं, स्वतःच्या नावाचं, फार आनंद झाला. पण आता त्या गड्ड्यावर येतात दुपारी दोनला आणि पाळण्याचे दिवे लागायच्या आत निघतात. परतीला गाडी मिळेल की नाही याची खात्री नाही, रिक्षा परवडत नाही. नातवाला गड्डा म्हणजे धूळ आणि थांबलेला पाळणा एवढंच ठाऊक. यात्रेच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत कुंभारीला आणि पूर्व भागात बस सुटली, तर कुठल्याही रोषणाईपेक्षा ती मोठी सोय होईल. आणि होम मैदानावर बायकांसाठी पाणी असलेली, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं. कडीचं मुद्दाम लिहिते आहे. ज्या बाईनं एका हातानं दार धरून ठेवलंय तिला कळेल.

त्याच हंगामातलं दुसरं सुख हुरड्याचं. ज्वारी तर आमचीच. मालदांडी ३५-१ हे देशभर पेरलं जाणारं वाण मूळचं आमच्या मोहोळचं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. हुरड्याला मात्र गुळभेंडी लागते. गोवऱ्यांची आगटी, तिच्यात खुपसलेली कणसं, भाजली की तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून तोंडात टाकायची. बरोबर शेंगाची चटणी, गूळ, दही. चटका बसतोच, हात काळे होतातच. आता हुरड्याची तिकिटं निघाली आहेत, सोबत ट्रॅक्टरची फेरी आणि सेल्फीसाठी बैलगाडी. निघू देत, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात. पण ज्याचं शेत नाही आणि ज्याला तिकीट परवडत नाही, त्या सोलापूरकराच्या पोरांनी आगटी बघायची कुठे? हिवाळ्यातले चार रविवार एखाद्या सरकारी फार्मवर शाळांसाठी हुरडा ठेवला, तर त्याला स्टेज लागत नाही.

वेळ अमावस्येचंही तसंच. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी अक्कलकोटकडची, दक्षिण सोलापुरातली माणसं घर बंद करून शेतात जातात. ज्वारीच्या कडब्याच्या खोपीत पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातली आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे पुण्याच्या भाचीला मला तीनदा सांगावं लागलं. शेंगदाणे, वाल, वाटाणा, पालेभाज्या असं काय काय बेसनात शिजवलेलं ते प्रकरण आहे. येळवशीला, म्हणजे याच वेळ अमावस्येला, ओळख नसलेल्या माणसालाही बांधावरून हाक मारून जेवायला बसवतात. एवढा मोठा खाद्यमहोत्सव आयता चालतो, आणि रेल्वे स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. स्टेशनबाहेर एक फळा असावा असं मला फार वाटतं. डिजिटल वगैरे नको, साधा. या महिन्यात सोलापुरात काय आहे, कुठे, किती वाजता, एवढंच.

नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक दिसायचे दिवस सरले. पण काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो, आणि तो दिसतो पहाटे. शहरापासून वीसेक किलोमीटर. हिवाळ्यात शनिवार-रविवारी शहरातून पहाटे पाचला एक बस आणि बरोबर एक जाणता वनरक्षक, एवढं जमलं तरी आमची पोरं मोबाइलबाहेरचं काळवीट बघतील.

पावसाळ्याबद्दल काय लिहावं? आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. आषाढात ढग डोक्यावरून पंढरपूरच्या वाटेनं निघून जातात, पाऊस खरा येतो भाद्रपदात. मग हिप्परग्याचा तलाव भरला, सांडवा वाहायला लागला की अख्खं गाव स्कूटरवरून पाणी बघायला निघतं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथे नुसतं वाहतं पाणी बघणं ही करमणूकच. तिथे कठडा हवा आणि दिवे हवेत. पावसाळ्यासाठी एवढंच मागणं.

मात्र पावसाळ्यातले सण सोडून पुढे जाववत नाही. राखी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागात पाय ठेवायला जागा नसते. आजोबा गणपतीची स्थापना १८८५ ची सांगतात, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्याही आधीची. पुण्याच्या भाचीला हे मी दरवेळी ऐकवते. विसर्जनाला लेझीम बघायची तर सोलापुरातच. नवरात्रात तेलुगू बायका बतुकम्माची फुलं रचतात, तरवडाची पिवळी, झेंडूची, आणि भोवती टाळ्या देत फिरतात. मला गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण टाळी चुकत नाही. माझ्या शेजारणीनं शिकवली.

आणि मग कोजागरी. साहेब, वर्षातून एकच रात्र आमच्याबरोबर काढायची असेल तर ही काढा. दसऱ्यानंतर तुळजाभवानी श्रमनिद्रेला जाते आणि अश्विनी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या रात्री सोलापूर चालत निघतं. तुळजापूर ४५ किलोमीटर. कॉलेजची पोरं, नवीन लग्न झालेली जोडपी, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आज्या. सोलापुरातल्या रूपाभवानीला नमस्कार करायचा आणि चालायला लागायचं. वाहतूक वळवलेली असते, रस्ता माणसांचा होतो. वाटेत कुणी मसाला दूध देतं, कुणी चिवडा, कुणी पायाला बाम चोळतं. पौर्णिमेचं चांदणं अख्ख्या माळावर. मी अकरा वेळा चालले आहे, दोनदा निम्म्या वाटेतून जीपनं परत आले, तेही सांगते. यंदा डॉक्टर नको म्हणतात. या रात्रीला कुणी महोत्सव म्हणत नाही, पण दर वर्षी ती ठरल्यासारखी होते. तिला लागतं काय? वाटेवर पाणी, शौचालयं, प्रथमोपचार आणि पहाटे परतीच्या एसटी. यातलं बरंचसं आजही होतं, तरुण मंडळंच करतात. शासनानं त्यांच्या मागे उभं राहावं. पुढे नको, कारण पुढे उभं राहिलं की बॅनर येतो.

राहिला उन्हाळा. सोलापूरच्या उन्हाळ्याला सगळे नावं ठेवतात, आम्हीही ठेवतो. पारा ४३-४४ ला टेकतो. पण हवा कोरडी. सूर्य गेला की तासा-दोन तासांत वारा फिरतो, मुंबईसारखा रात्रभर घामाचा चिकटा नाही. म्हणून तर जुन्या घरांना माळवद असायचं आणि सारं घर तिथे झोपायचं. माझे भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. विहिरी बुजल्या, माळवदं गेली, त्यांच्या जागी अपार्टमेंट आली आणि गच्चीला कुलूप लागलं. आता लोक रात्री दहाला पार्क चौपाटीवर दाटीवाटीनं उभे असतात, रमजानमध्ये विजापूर वेशीच्या मीना बाजारात मध्यरात्रीपर्यंत फिरतात. म्हणजे गाव जागंच असतं. पॉवरलूमवरचा माणूस, विडी वळणारी बाई, दुकानातली पोरगी, यांना मोकळा वेळ मिळतो तो रात्री आठनंतर. आणि नेमक्या त्याच वेळेला बागेला कुलूप.

सिद्धेश्वर तलावाच्या काठानं, भुईकोट किल्ल्याच्या तटाकडे बघत, रात्री साडेनऊला सावकाश चालावं, पोरांना घसरगुंडीवर सोडावं आणि त्यांची ढुंगणं भाजू नयेत, एवढीच माझी अपेक्षा आहे.

नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत यातला एकच विषय घ्यायचा असेल, तर बागांच्या वेळांचा घ्या. चैत्रापासून मृगापर्यंत, प्रयोग म्हणून, शहरातल्या कुठल्याही दोन बागांत. हिशेब वर दिलाच आहे, नऊला नऊ. दिव्यांचं बिल किती येतं ते महिन्याच्या शेवटी मी स्वतः विनामूल्य मांडून देईन.

भाची दिवाळीत परत येणार आहे. पुढचा मेसुद्धा तिनं राखून ठेवला आहे, मुलांनी मात्र अजून होकार दिलेला नाही.

कळावे,
आपली,
शुक्रवार पेठेतली एक रहिवासी,
सोलापूर