कार्ल्याच्या खांबांवरची अक्षरं

संपादक महोदय,

शनिवार-रविवारी मुलाबाळांना घेऊन कार्ल्याची लेणी बघायला जाणारी बरीच कुटुंबं साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढतात, चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनेच्या कोरीव दालनाच्या, दारात फोटो काढतात आणि दहा मिनिटांत खाली उतरतात. यात त्यांचा दोष कमी. आत बघायचं काय, हे सांगणारं तिथे जवळपास काहीच नाही.

चैत्यगृहात ३७ खांब आहेत. स्तूपामागचे सात साधे अष्टकोनी, बाकीच्यांच्या माथ्यावर हत्ती आणि स्वार. छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची, मूळचीच. पण मुलं रमतात ती खांबांवरच्या ब्राह्मी या प्राचीन लिपीतल्या लेखांत. खांबांसाठी दान देणारे अनेक जण धेनुकाकट गावचे, त्यात 'यवन', म्हणजे ग्रीक म्हणवले गेलेले लोकही आहेत. या गावाच्या नावात दोन 'क' येतात आणि ब्राह्मी 'क' असतो चक्क अधिकच्या चिन्हासारखा, फक्त खालची दांडी जरा लांब. शेजारी-शेजारी दोन अधिक दिसले की गावाचं नाव सापडलं! 'ट' इंग्रजी सीसारखा, 'थ' म्हणजे गोलात टिंब. लेखात 'थंभो' आला की तो आपला खांबच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एवढी तीन अक्षरं पुरतात.

अक्षरं दिसत नाहीत अशी तक्रार असते. मोबाईलची बॅटरी समोरून मारली तर ती दिसणारच नाहीत, उजेड सपाट पडतो. बॅटरी खांबालगत बाजूला आडवी धरा. खाचांत सावली भरते आणि ओळ उठून येते. खडू, तेल किंवा पाणी मात्र अजिबात लावू नये. दगडाच्या खाचांत गेलेला खडू सहज निघत नाही आणि घासून काढायला गेलं की अक्षरांची धार जाते.

लेणं पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे पिंपळपानी खिडकीतून ऊन आत येतं ते दुपारनंतर. सकाळी आत अंधारच. पण पायऱ्यांची वाट एकवीरेच्या दर्शनाचीही तीच. रविवारी, आणि चैत्रातल्या यात्रेत तर हमखास, म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या गर्दीत शिरू नये. शनिवारची दुपार बरी. लोकलने मळवलीला उतरणाऱ्यांनी परतीची गाडी आधीच बघून ठेवावी, दोन गाड्यांत बराच वेळ जातो. आणि त्याच दिवशी भाजे, लोहगड उरकायचा हट्ट नको.

पुरातत्त्व खात्याकडे मागणी एवढीच : तिकीट खिडकीपाशी ब्राह्मी अक्षरांचा मराठी तक्ता लावावा आणि सहज वाचता येतील अशा दोन-तीन खांबांशेजारी लेखाचं मराठी वाचन द्यावं. फलक खांबाला ठोकू नये, जमिनीवर स्टँडवर ठेवावा.

— एक वाचक, तळेगाव दाभाडे