काकू, तुम्ही चिऊला 'नको' म्हणायला शिकवलंत

काकू,

परवा भर पाहुण्यांत चिऊनं आजीनं वाढलेली पुरणपोळी हातानं मागं सारली आणि आमच्या तेलुगूत स्पष्ट म्हणाली, "वद्दु," म्हणजे नको. आजीचा चेहरा पडला. मी उठून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून हसले, मग थोडी रडलेही. हे तुम्हाला समोर सांगायला गेलं तर तुम्ही "चहा टाकू का गं?" म्हणून विषय बदलणार. म्हणून लिहितेय. चार लोकांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात माझ्यासारख्या आणखी आया असतीलच.

अडीच वर्षांची होती ती तुमच्या पाळणाघरात आली तेव्हा. त्याआधीच्या ठिकाणाहून दोन महिन्यांत "बाकीच्या पोरांना त्रास होतो" म्हणून परत पाठवलेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "हिला आवडतं काय?" तोवर सगळ्यांनी, तिला काय येत नाही, एवढंच विचारलेलं. मला पटकन उत्तर सुचेना. मग आठवलं, टॉवेलच्या काठाचे दोरे. ह्यांचं काम मागावर, घरात टॉवेलचे गठ्ठे, आणि ही तासन् तास त्या दोऱ्यांवरून बोटं फिरवत बसायची. दुसऱ्या दिवशी तुमच्या भिंतीजवळ दोऱ्यांची टोपली होती. ती तीन वर्षं तिथंच आहे.

आणि ती दोनशे पानी वही. मी म्हणायचे, "उगाच रडते." तुम्ही म्हणालात, "उगाच कुणी रडत नसतं, लेकराला सांगता येत नाही एवढंच," आणि रडण्याच्या आधी काय झालं ते रोज लिहायला लागलात. तीन आठवड्यांनी पानं उलटली तर सगळं समोर होतं. साडेअकराची कुकरची शिट्टी. संध्याकाळी लोखंडी गेट आपटलेलं. मागून येऊन कुणी उचललेलं. तेव्हापासून तुमचा वरणभात पोरं यायच्या आधीच उतरायला लागला, गेटला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसला, आणि मदतनीस मावशींना ताकीद मिळाली, समोर येऊन, सांगून मगच उचलायचं. खर्च म्हणाल तर काहीच नाही.

'स्वमग्न', म्हणजे ऑटिझम असलेली, हा शब्द तुम्ही स्वतः कधी काढला नाहीत. "एकदा डॉक्टरांना दाखव, मोठी झाली की बोलेल म्हणून थांबू नको," एवढंच सांगितलंत. मुलगी शांत, कोपऱ्यात खेळणारी, म्हणून सगळे तिला गुणी म्हणत होते. मुलींच्या बाबतीत हे पुष्कळदा असंच उशिरा ध्यानात येतं, हे मला नंतर समजलं. डॉक्टरांनी आधी ती वही वाचली, मग आम्हाला प्रश्न विचारले.

घरी मात्र खटला माझ्यावर चालला. आई कामाला जाते म्हणून, मोबाईल दिला म्हणून. "मोबाईलनं झालं असतं तर अख्खं सोलापूर स्वमग्न असतं," हे तुमचं वाक्य मी घरी जसंच्या तसं ऐकवलं. त्या रात्री पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

मधे कुणीतरी सांगितलं, घरात दोन भाषा नकोत, पोर गोंधळते. आम्ही तेलुगू बंद केलं. चिऊ बोलली नाहीच, पण मोडकीतोडकी मराठी येणारी आजी नातीपुढं मुकी झाली. तुम्हीच म्हणालात, स्पीच थेरपीच्या मॅडमना विचार. त्या म्हणाल्या, दोन भाषांनी बिघडत काही नाही, घरात तोंडात येते तीच बोला. आठवड्याभरात तुमच्या भिंतीवर देवनागरीत कागद लागले: नीळ्ळु (पाणी), अन्नम (भात), वद्दु. तुमचा उच्चार ऐकून आजी अजून हसतात.

आता त्या 'नको'बद्दल. पुठ्ठ्यावर काढलेला पंजा, बस. कणकेचा गोळा तिला अजिबात सहन होत नाही हे वहीत होतं. तुम्ही गोळा पुढं केलात, तिचं अंग ताठ झालं, आणि किंचाळायच्या आत मावशींनी मागून हलकेच तिचा हात धरून तो पंजा तुमच्या हातात दिला. त्याच क्षणी "नको? बरं," म्हणून तुम्ही गोळा बाजूला नेलात. दिवसातून पाचसहा वेळा हेच. मी कुरकुरले, अशानं ती कशालाच हो म्हणणार नाही. "आपलं नको चालतं हे तर कळू दे तिला," तुम्ही म्हणालात. पुढचे पंधरा दिवस खरंच सगळ्याला नको. केळालासुद्धा! पण मनगटावरचे स्वतःच चावलेले वळ त्याच महिन्यात फिके पडले. औषधाला आणि नखं कापायला नको चालत नाही, तिथं तुमचे दोन फोटो, आधी हे, मग टोपली. केस धुणं अजून महायुद्धच आहे, ते तसंच राहू दे.

गेल्या जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, न्यायचं की नाही यावरून घरात वाद झाला. गर्दीत नको, वरून दाखवा, असं सांगून तुम्ही मिरवणुकीच्या वाटेवरची तुमच्या भाच्याची गॅलरी मिळवून दिलीत. कानांवर जाड हेडफोन. खाली बाराबंदीतली माणसं आणि सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या डुलत आल्या, तशी ती दोन्ही हात जोरजोरात फडफडवायला लागली. मी सवयीनं हात धरायला गेले. तुम्ही म्हणालात, "सोड. आनंद आहे तो."

जूनमध्ये ती पहिलीला जाईल. 2016च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळं दाखला काढलाय, प्रवेशही झालाय. नव्या बाईंना द्यायला ती वही हवी आहे. झेरॉक्स काढून लगेच परत करते. आणि टोपलीतले दोरे विरत आलेत म्हणाला होतात ना, ह्यांनी नवी पिशवी भरून ठेवलीय. शनिवारी घेऊन येते.

तुमची,
चिऊची आई